पोपडा

चेतना बिसेनला इंग्रजी येतं, हे गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावजवळच्या राईस मिलमध्ये पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना कळलं, आणि तेव्हापासून तिच्या टेबलापुढे कुणी ना कुणी उभंच असायचं. कुणाच्या पोराच्या शाळेचं पत्र, कुणाच्या औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर, कुणाच्या जावयाला आलेला कंपनीचा मेल. ती कामठ्याहून रोज स्कूटीने यायची. इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, तीन वर्षं एका कॉन्व्हेंटात शिकवलेली, अठ्ठावीस वर्षांची, अंगाने नुसती काडी. मिलमध्ये पत्रव्यवहार सांभाळायची. एखादा शब्द अडला तरी 'मला माहीत नाही' असं ती कुणापुढे कबूल करायची नाही. सगळेच ज्याला विचारतात, त्याला ही एक खोड लागते.

ऑक्टोबरात मिलच्या मागच्या अंगाला धान साठवायच्या दोन पोलादी टाक्या उभ्या राहिल्या. तीन माळे उंच, बाहेरून शिडी, वर छताला माणूस कसाबसा आत शिरेल एवढं झाकण, आणि खाली धान फिरत्या पट्ट्यावर सोडायचं दार. टाक्यांबरोबर ऐंशी पानांचं इंग्रजी पुस्तक आलं. मालक हिमांशूसेठ गोंदियाचा, तिशीतला, बोलणं सगळं हिंदीत. त्याने ते पुस्तक चेतनापुढे ठेवलं.

"मॅडम, ये सेफ्टीवाला पन्ना मराठी में कर दो. बोर्ड लगाना है."

पान उघडलं आणि चेतनाला घाम फुटला. टाकीत धान अडकतं ते किती तऱ्हांनी, यासाठी त्या एका पानावर इंग्रजीचे सहा शब्द होते. लंप, क्लंप, केक, क्लस्टर, मास, क्रस्ट. आणि दर शब्दाला उपाय वेगळा. एक झालं तर खालून सळईने फोडा, दुसरं झालं तर बाहेरून पत्र्यावर ठोका, तिसरं झालं तर बाहेर काढून वाळवा. शेवटच्या क्रस्टपुढे मात्र जाड अक्षरात लिहिलं होतं, की त्यावर कुणीही, कधीही पाय ठेवू नये, कारण ते वरून घट्ट दिसतं आणि खाली पोकळी असते.

चेतनाने शब्दकोश काढला. लंपला ढेकूळ, क्लंपला झुपका, क्लस्टरला समूह, माससमोर वस्तुमान. धानाचं वस्तुमान फोडावे, असं लिहिलं तर मजूर तिच्याच तोंडाकडे पाहतील. क्रस्टला कोशाने दिलं होतं कवच. दोन दिवस खपून तिने दीड पान लिहिलं आणि सेठकडे नेलं.

सेठ 'कवच'पाशी थांबला आणि हसला. "महाभारत चल रहा है क्या? मॅडम, चार फूट का बोर्ड है. लेबर को एक शब्द समझता है. गोला. सब जगह गोला लिखो, एक लाईन में बिठाओ."

"पण सेठ, ह्या वेगवेगळ्या गोष्टी आहेत."

"तो इसका सही शब्द बताओ."

तो तिच्याकडे नव्हता. खाली अंगणात पन्नास माणसं धानात काम करत होती. उतरून जाऊन विचारलं असतं, तर पाच मिनिटांत कळलं असतं. पण इंग्रजीवाल्या मॅडमने शिडीखाली उभं राहून मजुरांना शब्द विचारायचे, हे तिला जमलं नाही. तिने एक ओळ लिहून दिली. आठ दिवसांनी ती लाल अक्षरांत शिडीशेजारी लागली: 'टाकीत धानाचे गोळे झाल्यास बांबूने फोडावेत.' पुस्तकाच्या शेवटी, माणूस धानात अडकला तर काय करायचं, त्याची दोन पानं होती. ती चेतनाने वाचली, पण कुणी मागितली नाहीत म्हणून लिहिली नाहीत.

जानेवारीत तीन दिवस अवकाळी पाऊस झाला. त्यानंतर आलेलं धान ओलसर होतं, तरी टाकीत भरलं गेलं. पुढच्या मंगळवारी, दुपारी तीनच्या सुमारास, दोन नंबरच्या टाकीचं खालचं दार उघडं असून धान पडेना.

टाक्या सांभाळायचा मनिराम कापगते. बावन्न वर्षांचा, इटियाडोह धरणाच्या कालव्याकाठच्या गावचा. त्याच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या तलावांच्या पाळी, म्हणजे मातीचे बांध, घालायचं काम चाललेलं, त्यामुळे माती आणि पाणी या दोन गोष्टींत कुणी त्याला शहाणपण शिकवलेलं त्याला खपायचं नाही. पण टाकी ही माती नव्हती, मशीन होती, आणि मशीनच्या बाबतीत तो लिहिलेलं मानायचा. सातवीपर्यंत शिकला होता. पट्ट्यावर काम करणाऱ्या ओमेशला तो म्हणाला, "पट्टा चालू ठेव. वरून गोळा फोडतो अन् येतो." बांबू घेतला, शिडी चढला, झाकणातून आत उतरला.

पाच मिनिटांनी खालून धान धो धो पडायला लागलं. ओमेश खूश झाला. मग टाकीच्या पत्र्याआडून त्याला ओरडणं ऐकू आलं, आणि त्याने धावत जाऊन पट्टा बंद करायचं बटण दाबलं.

चेतना ऑफिसातून आली तेव्हा शिडीवर आणि छतावर मिळून आठ जण होते. आत दोर सोडला होता आणि "खींचो, खींचो" चाललं होतं. दर ओढीला आतून अशी किंकाळी यायची की खाली उभ्या बायकांनी पदर तोंडात घातले. चेतनाला ती शेवटची दोन पानं आठवली. पहिलीच ओळ: ओढू नका. धान छातीपर्यंत आलेल्या माणसाला ओढलं तर माणूस निघत नाही, सांधा निखळतो.

"ओढू नका!" ती शिडी चढत ओरडली. "थांबा! त्यांचा हात जाईल!"

हात गेलाच होता. झाकणातून तिने खाली वाकून पाहिलं. आत कोंदट अंधार, त्यात आंबूस वास आणि धूळ. दहा-बारा फूट खाली मनिराम काखेपर्यंत धानात होता. उजवा खांदा भलत्याच ठिकाणी आला होता. त्याच्या डोक्यावर, एका बाजूच्या पत्र्याला, ओल्या धानाचा एक प्रचंड थर घरट्यासारखा चिकटून लोंबत होता.

"मॅडम," तो म्हणाला. आवाज फुटका होता. "श्वास सोडला की आवळून राहिलं. परत घेताच येत नाही."

"हळू घ्या, काका. छोटे छोटे घ्या. बोलू नका."

सेठ खाली गॅस कटर मागवत होता. टाकी कापून धान सोडायचं म्हणे. चेतना वरून ओरडली, की आत धूळ भरली आहे, ठिणगी पडली तर पेट घेईल, पुस्तकात तसं लिहिलं आहे. सेठने एकदाच वर पाहिलं आणि कटर आणणाऱ्याला हाताने थांबवलं. गोंदियाहून अग्निशमनची गाडी निघाली होती.

पुस्तकातला उपाय साधा होता. माणसाच्या चारी बाजूंनी पत्रे धानात खुपसून त्याच्याभोवती डबा करायचा, आणि डब्यातलं धान उपसायचं. शेडसाठी आणलेले पत्रे पडलेलेच होते. चेतनाने ते झाकणातून जातील असे चिरायला लावले. धानात रुतायला नको म्हणून एक फळी दोराने आत सोडली आणि ओमेश तिच्यावर उतरला. ओमेश अंगाने भरलेला. त्याने पहिला पत्रा टेकवला तशी फळी कलली, बाजूचं धान घसरलं आणि मनिरामच्या गळ्याच्या हाडापर्यंत आलं. ओमेशला घाईघाईने वर घेतलं. तो छतावर बसून रडायला लागला.

"मी जाते," चेतना म्हणाली. कुणी नको म्हटलं नाही. तिच्याएवढं हलकं तिथे कुणीच नव्हतं, आणि पत्रे कसे लावायचे ते तिलाच ठाऊक होतं.

कमरेला दोर बांधून ती फळीवर पालथी उतरली. हातांनी धान बाजूला सारून तिने मनिरामचा गळा मोकळा केला. दोन पत्रे वरून आले, ते तिने त्याच्या पाठीमागे आणि डाव्या बाजूला खुपसले. तिसऱ्यासाठी ती गुडघ्यांवर उठली, तेवढ्यात वर काहीतरी सुटल्याचा आवाज झाला. फाटल्यासारखा, मग धप्प.

पत्र्याला चिकटलेला तो थर अर्धा खाली आला होता. मनिरामला मागच्या पत्र्याने वाचवलं. चेतना मात्र फळीवरून सरकून कमरेपर्यंत गाडली गेली होती. पाय हलवायचा प्रयत्न केला, तर पाय आपले नाहीतच असं वाटलं. सगळीकडून सारखा दाब, जणू कुणी ओल्या गोधडीत घट्ट बांधून ठेवलं आहे. वरून कुणीतरी दोराला हिसका दिला आणि ती किंचाळली, "नका! ओढू नका!"

थराचा दुसरा अर्धा अजून लोंबत होता. आता आणखी माणूस उतरवला तर तोही पडेल, हे वरच्यांना दिसत होतं. "गाडी येतपर्यंत हलू नका, मॅडम," ओमेशने वरून सांगितलं. "रेल्वे फाटकापाशी अडकली मनते." झाकणाच्या चौकटीत त्याचं तोंड काळं दिसत होतं.

त्या टाकीत दोघंच उरली. हात लांब केला असता तर एकमेकांना लागला असता, एवढं अंतर. चेतनाला आपलं हृदय कानात ऐकू येत होतं. तिने डोळे मिटले, तर आणखी कोंडल्यासारखं झालं, म्हणून उघडे ठेवले. बाहेर माणसं बोलत होती, कुणाचा तरी मोबाईल वाजत होता, आणि ते सगळं तालुक्याच्या पलीकडे कुठेतरी चाललं आहे असं वाटत होतं.

"बाई," मनिराम म्हणाला. मॅडम म्हणायचं त्याने सोडलं होतं. "गोळा नव्हता तो."

चेतनाने डोळ्यांवरची धूळ पुसली.

"बोर्डावर लिवलं, गोळा फोडा. मी पाहून राहिलो, गोळा कोठी हाये? सपाट होतं. जमिनीवानी. पाय देला, तं खाली काहीच नाही."

"काका, तो बोर्ड मी लिहिला."

मनिरामने तिच्याकडे पाहिलं.

"तू?"

"पुस्तक इंग्रजीत होतं. त्यात सहा शब्द होते. मी सगळ्यांना गोळा लिहिलं. सेठ म्हणाले म्हणून. आणि मला शब्द येत नव्हता म्हणून."

"कोनता शब्द?"

"क्रस्ट. वरून टणक, खालून पोकळ. मी कवच लिहिलं होतं."

मनिरामने एक शिवी दिली. कुणाला दिली ते कळलं नाही. मग त्याला खोकल्याची उबळ आली. खोकल्यागणिक धान आवळत होतं. तो गुदमरतो आहे हे तिला दिसत होतं, आणि ती बसल्या जागी बघण्यापलीकडे काही करू शकत नव्हती. शेवटी तिने अंग ताणून त्याचा डावा हात पकडला. उबळ थांबली तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"पोपडा," तो म्हणाला.

"काय?"

"पोपडा मनतेत त्याले. उन्हाळ्यात तलाव-बोडी आटते, तवा वर पोपडा धरते. चालाजोगा दिसते. खाली गाळ. माह्या चुलत भावाचा बैल गेला त्याच्यात." त्याने श्वास घेतला. "पोपड्यावर पाय नोको देऊ, हे आमच्याकडं चार वर्साच्या पोट्ट्याले समजते. तू पोपडा लिवलं असतं, तं मी कायले उतरलो असतो?"

ती रडायला लागली. रडण्यानेही पोट हलून धान आवळतं, हे कळल्यावर तिने रडणं आवरलं.

"विचारलं काऊन नाही?" मनिराम म्हणाला. त्यात राग होता, पण रागापेक्षा नवल जास्त होतं. "मी रोज तुह्या खिडकीसमोरून जाऊन राहिलो."

"लाज वाटली."

"लाज." तो म्हणाला. त्याचे ओठ निळसर व्हायला लागले होते आणि पापण्या जड. चेतना घाबरली. त्याला जागं ठेवायला हवं होतं, बोलायला लावायला हवं होतं, पण थोडंच.

"काका, आता विचारते. सांगाल? एकेका शब्दात सांगा. ओलं धान मुठीत दाबलं की होतो, तो?"

"...लोंदा."

"भिंतीला चिकटून राहतं ते? हे वरचं?"

त्याने मान वर करायचा प्रयत्न केला. "थापा."

"कोंब फुटून दाणे एकमेकांत गुंततात तो?"

"गुंता. नाही तं... जाळी. जाळी धरली मनतेत."

"खाली दारात छोटे खडे अडकतात ते?"

"गठळी."

असे ते शब्दामागून शब्द चालले. मध्येच तो झोपेत गेल्यासारखा व्हायचा, ती त्याचा हात जोरात दाबायची, आणि तो पुढचा शब्द सांगायचा. केळीचं काय, चिखलाचं काय, गुळाचं काय. धान संपलं तेव्हा ती शेतात गेली, शेत संपलं तेव्हा स्वयंपाकघरात. साखरेचा पाक जमतो त्याला काय म्हणता, यावर तो पुटपुटला, "ते शामकलाले विचार." शामकला त्याची बायको. तिचं नाव तोंडी आलं तसा तो पहिल्यांदा हुंदका देऊन रडला.

गाडीतले लोक आले तेव्हा साडेचार झाले होते. अशा टाकीतून माणूस काढायचं काम त्यांनीही कधी केलं नव्हतं. चेतनाने खालून सांगितलं तसं त्यांनी केलं. छतावर दोर बांधायला आडवी घोडी लावून दोन माणसं दोरावर लोंबती ठेवली, म्हणजे धानावर वजन येणार नाही. आधी वरचा थापा ताडपत्रीत झेलत हळूहळू उतरवला. मग उरलेले पत्रे. मग धान उपसायची बादली खाली-वर, खाली-वर, पाऊण तास. "पहिले तिला काढा," असं मनिराम एकदा म्हणाला. चेतनाने "नाही" म्हटलं, आणि वाद घालायला कुणाच्या अंगात बळ नव्हतं. तो दोरावर वर गेला तेव्हा त्याचे पाय पिठात बुडवल्यासारखे पांढरे होते. त्यानंतर वीस मिनिटं चेतना टाकीत एकटी होती. ती वीस मिनिटं तिने पुढे कधी कुणाला सांगितली नाहीत.

मनिरामच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या आणि खांदा बसवावा लागला. बरगड्या धानाने मोडल्या की दोराने, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिमांशूसेठ स्वतः कामठ्याला चेतनाच्या घरी आला. तिचे वडील केशोराव यांनी खुर्ची दिली, चहा दिला. सेठने मोबाईलवर फोटो दाखवला. शिडीशेजारी नवा बोर्ड होता: 'टाकीच्या आत उतरण्यास सक्त मनाई आहे.'

"ये बोर्ड पहले से था," तो शांतपणे म्हणाला. "मनिराम ने ध्यान नहीं दिया. कल इन्स्पेक्टर आएगा, इतना ही बोलना है. मैं आपके लिए बोल रहा हूँ, मॅडम. पुराने बोर्ड पे लाईन किसकी थी?"

केशोराव त्याला रस्त्यापर्यंत सोडून आले. मग म्हणाले, "त्याचं बोलणं वंगाळ आहे, पण खोटं नाही. नाव तुझंच जाईल."

चेतनाला ते कळत होतं. खरं सांगितलं तर पहिली दोषी तीच. नाही सांगितलं तर मनिराम, जो लिहिलेलं वाचून वागला, तो न वाचणारा ठरेल. त्या दिवशी ती जेवली नाही. घराचं दार कुणी लोटलं तरी तिला धडकी भरायची आणि ती उठून ते उघडायची. संध्याकाळी ओमेशचा फोन आला.

"मॅडम, एक सांगाचं होतं. सेठच्या मामाची मिल हाये न आमगावकडं? त्यानं आपल्या बोर्डाचा फोटो नेला होता. तसाच्या तसा लावला मनतेत. त्यांच्याकडंबी ओलंच धान हाये."

चेतनाने फोन ठेवला आणि त्या मिलचा नंबर शोधायला लागली. ऑफिसात कुणी उचलेना. शेवटी तिथल्या एका हमालाचा नंबर मिळाला. त्याला तिने सांगितलं, की टाकीत धानावर पोपडा धरला असेल तर कुणी उतरू नका, बोर्डावर काहीही लिहिलेलं असो. तो लगेच म्हणाला, "हाव, कालपासून धरलाच हाये. उद्या माणूस उतरवाचा होता."

गुरुवारी निरीक्षक आले. सेठच्या केबिनमध्ये, सेठच्या समोर, चेतनाने सगळं सांगितलं. शब्द कुणाचा, ओळ कुणाची, काटछाट कुणाची. पहिल्यांदा लिहिलेलं दीड पान तिने जपून ठेवलं होतं, तेही दिलं.

निरीक्षकांनी चष्म्यावरून पाहिलं. "म्हणजे धोका आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

"वाचलं होतं," ती म्हणाली. "माहीत होतं असं नाही म्हणता येणार. पण वाचलं होतं."

"हे असंच लिहू?"

"असंच लिहा."

तिने सही केली. संध्याकाळी तिला उद्यापासून येऊ नका असं सांगण्यात आलं. टाक्यांना सील लागलं, सेठला नोटीस गेली आणि चौकशीत चेतनाचंही नाव लागलं. ते प्रकरण अजून चालू आहे.

दहा दिवसांनी मनिराम घरी आला असं कळलं, तेव्हा ती स्कूटी घेऊन त्याच्या गावाला गेली. खोलीत झोपवलं की त्याला घाम फुटतो म्हणून त्याची खाट ओसरीवर काढली होती. हात गळ्यात बांधलेला. तिला पाहून त्याने मान हलवली. हसला नाही, तोंडही फिरवलं नाही. शामकला चुलीपाशी होती. दवाखान्यात चेतना भेटायला गेली, तेव्हा ती तिच्याशी एक शब्द बोलली नव्हती. आता बाहेर आली आणि तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळत उभी राहिली.

"तूच का ते लिवणारी?"

"हो."

"अन् तूच आत उतरली?"

"हो."

शामकलाने पदराने हात पुसले. मनिराम खाटेवर कण्हला, कूस बदलायची होती आणि जमत नव्हती. शामकला त्याच्या डाव्या बाजूला गेली आणि चेतनाकडे न बघता म्हणाली,

"उभी काऊन राहिली? तिकडून धर. एकटीनं नाही उठत हा."